मराठी शब्दतपासणीचा मुक्त कोश: हात कोण लावणार आणि किती वेळ? (नियोजनाचा धागा)

शब्दवेल्हाळ | शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, गेल्या आठवड्यात एका स्मरणिकेची मुद्रितं तपासत होते. मजकूर लिबरऑफिसमध्ये ओतला आणि पान लालेलाल झालं. 'घर' चालतं, 'घरात' चालतं, पण 'घरासमोरच्यांनाही' म्हटलं की खाली नागमोडी रेघ. उलट 'माणूसाला' असं धडधडीत चुकीचं लिहिलेलं होतं, तिथे मात्र यंत्र गप्प. माझ्याकडचा शब्दतपासणीचा कोश कुठून तरी उतरवून घेतलेला आहे. त्याची फाइल उघडून पाहिली तर साधा मजकूर निघाला. ओळीला एक शब्द. कोणीही उघडावी, कोणीही भर घालावी.

मग आपणच का नाही? दुसऱ्याच्या प्रतिसादातली वेलांटी दुरुस्त केल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही अशी माणसं इथे कमी नाहीत. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.) प्रत्येकाने रोज वीस शब्द दिले तरी वर्षभरात केवढं काम होईल!

हात वर करा. काय येतं आणि किती वेळ देता येईल, तेवढं लिहा.

फणसाचा_गरा | शुक्रवार, रात्री १०:३१

+१. मी आहे. मालवणी शब्दही घेणार का?

अर्धवटराव | शुक्रवार, रात्री ११:०५

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, अमरावती. पायथन येतं, गिट थोडं थोडं. गिटहबवर (मुक्त प्रकल्प ठेवायची जागा, तिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते) ठेवणार असाल तर मी लगेच येतो. सर्टिफिकेट मिळेल का?

चहाबाज | शुक्रवार, रात्री ११:४०

मीपण. वाचनखूण साठवली.

(याखाली आणखी अकरा जणांनी नुसतं '+१' लिहिलं आहे.)

खिडकीबाहेर | शनिवार, सकाळी ८:२०

उत्साह बघून बरं वाटलं. पण रोज वीस शब्दांचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण ही नुसती यादी नाही.

लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम या सगळ्यांच्या आत शब्द तपासणारं इंजिन एकच आहे, हनस्पेल. नेमेथ लास्लो यांनी ते हंगेरियनसाठी बांधलं. हंगेरियनमध्येही आपल्यासारखीच शब्दाच्या शेपटीला प्रत्ययांची माळ लागते, त्यामुळे मराठीला ते बऱ्यापैकी मानवतं. त्याच्या दोन फाइली असतात. एकीत शब्द, पुढे तिरकी रेघ आणि गटाचं चिन्ह. दुसरीत त्या गटाचे नियम. उदाहरणार्थ, 'माणूस'चा गट सांगतो की शेवटचा 'ूस' काढ आणि 'सा' लाव. झालं 'माणसा', आणि त्यापुढे ला, ने, चा, वर, साठी. 'कापूस' त्याच गटात गेला की 'कापसाला', 'कापसाचं' सगळं फुकट मिळतं. 'ऊस' मात्र जात नाही, कारण तिथे 'ऊ' हा स्वतंत्र स्वर आहे, उकाराची मात्रा नाही.

म्हणजे गट चांगले पाडले तर एक शब्द घातल्यावर त्याची शंभर रूपं आपोआप मिळतात. आणि गट चुकला तर शंभर चुका आपोआप मिळतात.

आणखी एक गोम. हनस्पेल प्रत्ययांचे दोनच मजले चढतं. 'घर'वरून 'घरासमोर' हा पहिला, 'च्या' हा दुसरा. त्यापुढचे 'ना' आणि 'ही' तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जातात आणि तिथे जिना नाही. म्हणून 'च्यांनाही' हे आधीच चिकटवून एकच प्रत्यय म्हणून द्यायला लागतं. ते काम मी करीन. पण कुठला शब्द कुठल्या गटात, हे मला सांगता येणार नाही. माझं मराठी दहावीत ५८ ला थांबलं.

मास्तर_मिरजेचे | शनिवार, सकाळी ११:०२

मी निवृत्त मराठी शिक्षक. संगणकातलं मला काही कळत नाही, तरीही लिहितो.

आपल्याकडे लेखनाचे १८ नियम आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालचे, ४ नंतर १९७२ मध्ये आले. त्यात सामान्यरूपाचा नियम असा आहे की अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो. मीठ, मिठात. फूल, फुलाला. वीट, विटेवर. पण शब्द तत्सम असेल तर तो बदलत नाही. गीत, गीतात. दूत, दूताला.

आता तुमच्या यंत्राला 'गीत' आणि 'मीठ' यांतला फरक कसा कळणार? दिसायला सारखेच. त्याहून गंमत 'पीठ' या शब्दाची. दळलेलं पीठ असेल तर 'पिठात'. पण विद्यापीठ असेल तर 'विद्यापीठात', कारण ते पीठ संस्कृतातलं, आसनाच्या अर्थाचं. 'विद्यापिठात' असं लिहिलेल्या पाट्या मी हयातभर पाहत आलो.

स्त्रीलिंगी शब्द तर आणखी वाकडे. वीट, विटेवर. चूल, चुलीवर. एकीला एकार, दुसरीला ईकार. वाट, वाटेत. भिंत, भिंतीत. याला नियम नाही, कानाला विचारावं लागतं.

मला वही-पेन चालत असेल तर मी गट पाडून देतो.

खिडकीबाहेर | शनिवार, सकाळी ११:१५

मास्तर, वही-पेन पळेल! या कामात नेमकी हीच जागा रिकामी असते. प्रोग्रामर मिळतात हो.

फणसाचा_गरा | शनिवार, दुपारी १२:४८

मोल्सवर्थचा कोश १८५७ चा आहे, त्यावर आता कोणाचा हक्क नाही. तोच उचलून टाकला तर? शब्दांचा प्रश्नच मिटला.

मास्तर_मिरजेचे | शनिवार, दुपारी १:३०

त्यातलं लेखन जुनं आहे. 'नांव', 'गांव', 'कांहीं' असे अनुस्वार त्यात पावलोपावली. ते सगळे १९६२ च्या नियमांनी गेले. शब्द आहेत की नाहीत हे बघायला कोश उत्तम, पण तसाच ओतलात तर तुमचं यंत्र 'नाव'खाली रेघ मारील आणि 'नांव' पास करील.

खिडकीबाहेर | शनिवार, दुपारी २:१०

आणि परवान्याचं आत्ताच ठरवू या, नंतर फार महागात पडतं. घरातला एखादा अलीकडचा कोश उघडून त्यातून शब्द उतरवायचे नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. 'शब्द काय कोणाच्या मालकीचे असतात' हा युक्तिवाद चहाच्या टेबलावर ठीक. पण कोशकाराने केलेली निवड आणि मांडणी त्याची असते, आणि आपला कोश उद्या दुसऱ्या कुणी आपल्या सॉफ्टवेअरच्या वितरणात घ्यावा असं वाटत असेल तर प्रत्येक यादी कुठून आली ते लिहिलेलं हवं. नसेल तर ते हात लावणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

माझा प्रस्ताव: शब्द आपल्या डोक्यातून आणि आपण स्वतः लिहिलेल्या मजकुरातून. मराठी विकिपीडियाचा पूर्ण साठा उतरवता येतो. तो कुठला शब्द किती वेळा येतो हे मोजायला वापरू, म्हणजे जास्त लागणारे शब्द आधी घेता येतील. मजकूर म्हणून त्यातलं काही घ्यायचं नाही.

निमूटपणे | शनिवार, रात्री ९:५५

थोडं थंड पाणी ओतते, रागावू नका.

काही वर्षांपूर्वी मी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात होते. नाव महत्त्वाचं नाही. सुरुवात अशीच झाली. व्हॉट्सॲप गट, पहिल्या दिवशी पन्नासेक माणसं, सगळ्यांचे अंगठे. पहिल्या आठवड्यात भाषांतरांचा पाऊस पडला. एकाने 'सेव्ह'ला 'जतन करा' लिहिलं, दुसऱ्याने 'साठवा', तिसऱ्याने 'सुरक्षित करा'. तिघांचंही एकाच मेनूत. यातलं काहीच थेट जात नव्हतं. ती सगळी 'सूचना' म्हणून रांगेत लागत होती आणि मंजुरी द्यायचा हक्क होता फक्त माझ्याकडे.

मला वाटलं होतं, भाषांतर करणारे मिळणं अवघड. ते सोपं निघालं. माझं रोजचं अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर गेलं, मग त्याच सुमारास घरात आजारपण आलं आणि मी पाच आठवडे तिकडे फिरकलेच नाही. परत आले तेव्हा रांगेत सहाशेच्या वर सूचना होत्या आणि गटावर शांतता. एका मुलीने चाळीस ओळी फार सुंदर केल्या होत्या. तिला निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, 'ताई, मला वाटलं माझं चुकत असेल म्हणून कोणी घेत नाही.' ती परत आली नाही. चूक माझी होती, तिची नाही.

म्हणून शब्दवेल्हाळ, 'किती जण येणार' हे नंतर विचार. आधी विचार की दुसऱ्याचं काम तपासायला कोण बसणार, आठवड्यातून कुठल्या वारी, आणि ती व्यक्ती आजारी पडली तर कोण. तपासणारे दोन असतील तर नवे लोक चारच घ्या. बाकीच्यांना थांबायला सांगा. थांबवलेलं माणूस रागावतं पण परत येतं. काम देऊन विसरलेलं माणूस येत नाही.

आणि व्हॉट्सॲप गट काढू नका, हात जोडते. तिथे झालेला निर्णय तीन दिवसांनी कोणाला सापडत नाही.

शब्दवेल्हाळ | शनिवार, रात्री ११:२०

गट आज दुपारीच काढला होता. आत्ता बंद केला.

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. '+१' लिहिणाऱ्या मंडळींनो, तुम्हाला नाही म्हणत नाहीये, पण जरा थांबा.

टोरांटोकर | रविवार, सकाळी ७:०८

इथे शनिवारची रात्र आहे. निमूटपणे यांच्या मुद्द्याला जोडून.

२०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडचं प्रकरण झालं ते आठवत असेल. फाइली दाबून लहान करणारं एक छोटंसं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणारं. वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. थकला होता, आणि ते त्याने मेलिंग लिस्टवर लिहिलंही होतं. वर 'कामं रेंगाळतायत, दुसऱ्याला जबाबदारी द्या' म्हणून त्याच्यावर दबाव आला. मदतीला एक जण पुढे आला, दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास कमावला, चाव्या (बदल आत घ्यायचा हक्क) मिळवल्या आणि मग आत चोरदार बसवून ठेवलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली म्हणून.

आपला कोश म्हणजे काही एक्सझेड नाही. वेलांटीत कोण चोरदार बसवणार! पण एकच दमलेला माणूस आणि त्याच्याच हातात सगळ्या चाव्या, हे चित्र तेच. पहिल्या दिवसापासून चाव्या तिघांकडे असू द्या, आणि कोणीही स्वतःचा बदल स्वतः मंजूर करायचा नाही.

रच्याकने (जाता जाता), एक तांत्रिक भानगड आत्ताच सांगून ठेवतो. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह: दर्‍या. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचा मजकूर 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेला असतो. आणि इथे साध्या 'र'वर भागवता येत नाही, नाहीतर दरीतल्या 'दऱ्या' आणि समुद्राचा 'दर्या' एक होतील.

खिडकीबाहेर | रविवार, सकाळी ९:३०

बरोबर. हनस्पेलमध्ये त्याची सोय आहे, आत येणाऱ्या अक्षरांचा रूपांतर-तक्ता देता येतो. कोशात फक्त नुक्त्याचा 'ऱ' ठेवू, बाकी तक्ता बघून घेईल. नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा लिहीत बसावं लागेल आणि मास्तर वही मिटून निघून जातील.

अर्धवटराव | रविवार, दुपारी ३:४४

मी काल रात्री बसून स्क्रिप्ट लिहिली! विकिपीडियातले जास्त वेळा येणारे दहा हजार शब्द घेतले आणि शेवट बघून गट आपोआप पाडले. टाकू का? एकदम दहा हजार शब्द होतील.

खिडकीबाहेर | रविवार, दुपारी ४:०१

'फूस'चं काय झालं ते बघ रे जरा. आणि 'विद्यापीठ'चं.

अर्धवटराव | रविवार, दुपारी ४:२०

'फसाला', 'फसाने' 😐

'विद्यापिठात' पण झालंय. सॉरी.

मास्तर_मिरजेचे | रविवार, सायंकाळी ५:१५

सॉरी कशाला बाळ. यंत्राने चुकीच्या जागी का होईना, दहा हजार शब्द ओळीत उभे केले. माझ्याच्याने ते झालं नसतं. ती यादी गट न लावता, नुसती छापून मिळेल का? मोठ्या अक्षरात, दोन ओळींत अंतर सोडून. मी शेजारी गट लिहीन.

निमूटपणे | रविवार, रात्री ८:३७

अर्धवटराव, प्रमाणपत्राचं विचारलं होतंस त्याला कोणी उत्तर दिलं नाही. देता येणार नाही, कारण आपण कोणी संस्था नाही. पण तुझा प्रत्येक बदल तुझ्या नावावर इतिहासात राहतो, आणि मुलाखतीत 'हा नियम का बदलला' ते त्यावर बोट ठेवून सांगता येतं. टी-शर्टच्या मागे लागू नकोस एवढंच. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावायचा ऑक्टोबरातला उपक्रम) चार बदलांवर टी-शर्ट होता, तर लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांत एखादा निरर्थक शब्द वाढवून बदलांचा असा चिखल केला की महिना संपायच्या आत नियम फिरवावा लागला. ज्या प्रकल्पाची संमती असेल तिथलेच बदल मोजायचे, असं ठरलं. तो चिखल उपसला कोणी? फुकटात तपासणाऱ्यांनीच.

फणसाचा_गरा | सोमवार, सकाळी १०:१०

माझ्या मालवणीचं राहिलं की. शिवाय पहिली आवृत्ती कधी? तारीख ठरवा नाहीतर हा धागाही इतरांसारखा वर यायचा थांबेल.

टोरांटोकर | सोमवार, संध्याकाळी ६:५०

तारखेच्या दोन तऱ्हा आहेत. डेबियनवाले (हे एक लिनक्स) म्हणतात, तयार होईल तेव्हा येईल. लिबरऑफिस दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, आणि नोम (लिनक्सचा डेस्कटॉप) मार्च-सप्टेंबरमध्ये. जे झालं ते गाडीत, जे राहिलं ते पुढच्या गाडीत. डेबियनची तऱ्हा मला आवडते, पण तिला कित्येक वर्षांची शिस्त आणि शेकडो माणसं लागतात. आपल्याला गाडीच बरी. राहून गेलेल्या शब्दासाठी भांडण होत नाही, पुढची गाडी असतेच.

मालवणीबद्दल: एकाच कोशात घातली तर प्रमाण मराठी लिहिणाऱ्याची टंकनातली चूक मालवणी शब्द म्हणून पास होईल, आणि मालवणी लिहिणाऱ्याला अर्धवट कोश मिळेल. वेगळा कोश करावा. इंजिन तेच, नियमांची फाइल वेगळी. तुम्ही सुरू केलात तर नियमांच्या फाइलीचा सांगाडा मी देतो.

चहाबाज | सोमवार, संध्याकाळी ७:२५

२७ फेब्रुवारी ठेवा, मराठी भाषा गौरव दिन!

मास्तर_मिरजेचे | सोमवार, रात्री ८:००

त्या दिवशी सगळ्यांची भाषणं असतात. काम कोणी करणार नाही. पाडवा ठेवा.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, रात्री १०:४०

ठरलं तर. पाडवा आणि दसरा, वर्षातून दोन आवृत्त्या. तारीख दरवर्षी हलते हे टोरांटोकरांनी आधीच मेल करून सांगितलंय, चालेल.

तपासायला मास्तर आणि निमूटपणे, मंगळवार-शुक्रवार. चाव्या खिडकीबाहेर, टोरांटोकर आणि माझ्याकडे. नवे चारच, अर्धवटराव धरून. आलेल्या यादीला सात दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, 'अजून बघितलं नाही' असं असलं तरी. महिनाभरात उत्तरं वेळेवर गेली तर आणखी चार जणांना बोलावू.

एक गोष्ट माझ्या मनात घोळतेय. 'भूत'. नियमाने तत्सम, म्हणजे 'भूताला'. छापील पुस्तकांत मात्र सर्रास 'भुताला', 'भुतांच्या गोष्टी'. कोणाचं धरायचं?

निमूटपणे | मंगळवार, रात्री ११:०२

वादाच्या शब्दांची वेगळी फाइल करा. तोवर दोन्ही रूपं चालू द्या. चुकीची रेघ मारण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. एकदा का बरोबर शब्दाखाली रेघ आली की लोक तपासणीच बंद करून टाकतात. आणि कृपा करून भुतावर वेगळा धागा काढू नका, त्याचे तीनशे प्रतिसाद होतील.

(धागा सोळा दिवसांनी पुन्हा वर आला.)

अर्धवटराव | गुरुवार, रात्री ९:१८

मास्तरांची पहिली खेप आली. कुरिअरने! छापलेल्या यादीची बत्तीस पानं, प्रत्येक शब्दापुढे लाल पेनने गट. समासात चिठ्ठ्या पण आहेत, 'हा शब्द आमच्याकडे बायकाच वापरत', असं काय काय. ते कुठे टाकायचं माहीत नाही म्हणून मी वेगळ्या फाइलीत उतरवतोय. अकरा पानं टंकून पाठवली, त्यातली नऊ निमूटपणे ताईंनी तिसऱ्या दिवशी मंजूर केली. दोन परत आली, माझ्याच चुका होत्या.

एक अडलंय. मास्तर, पान ७ वर 'सूप' दोनदा आलाय. तुम्ही पहिल्यापुढे 'फूल'चा गट लिहिलाय, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. एक धान्य पाखडायचं आणि एक प्यायचं का?

मास्तर_मिरजेचे | गुरुवार, रात्री ९:५०

होय. पहिल्याचा प्रश्न नाही, 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' म्हणूनच ठेवलंय. दुसऱ्याचं मला कळेना. टोमॅटोच्या सुपात मीठ कमी, की सूपमध्ये? घरात विचारलं तर सून म्हणते सूपमध्ये, नातू म्हणतो सूपात.

खिडकीबाहेर | गुरुवार, रात्री १०:०४

वादाच्या फाइलीत टाका. 'भूत'च्या खाली.